वाळवंटीच्या काठावरचे देव आणि दुर्ग

डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर एक छोटा शिलालेख आहे. शके 1590, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी. श्रीशिवराजांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाला प्रारंभ झाला, एवढाच त्यातला मजकूर. इंग्रजी कालगणनेने तो दिवस 13 नोव्हेंबर 1668. छत्रपतींचे नाव असलेला दगड आणि त्याच जागी आजही चालू असलेली पूजा असा योग फार थोड्या ठिकाणी आढळतो. तरीही या लेखात सांगितलेल्यापेक्षा न सांगितलेलेच अधिक आहे. हा देव इथला नव्हे. तो नदी ओलांडून आला. त्याला कोणी आणले, कोणत्या रात्री, कोणत्या होडीतून, याबद्दल दगड काही बोलत नाही.

साखळी, डिचोली आणि पेडणे या प्रदेशाचा इतिहास वाचायचा तर हातात नकाशा घ्यावा आणि बोट नद्यांवरून फिरवावे. सह्याद्रीच्या उतारावरून येणारी वाळवंटी साखळीतून वाहत पुढे मांडवीला मिळते. मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेट आणि तिसवाडी. उत्तरेला शापोरा नदीच्या काठी हळर्ण. अगदी टोकाला तेरेखोल नदी, तिच्या मुखावर तेरेखोलचा किल्ला. सुमारे अडीचशे वर्षे यांतल्या एका काठावर पोर्तुगीज आणि दुसऱ्या काठावर कधी आदिलशाही, कधी मराठे, कधी सावंतवाडीकर भोसले अशी मांडणी होती. साखळीच्या माणसाला हद्द म्हणजे पाणी हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत. शिवचित्त पेरमाडीदेवासारखे कदंब राजे आपल्या बिरुदात सप्तकोटेश्वराच्या कृपाप्रसादाचा उल्लेख अभिमानाने करीत आणि त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही या देवाचे नाव उमटले. मूळ देऊळ दिवाडी बेटावरच्या नार्वे येथे होते. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी ते मोडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवे परत घेतल्यावर देवाची पुन्हा प्रतिष्ठापना केली. 1510 मध्ये अफोन्सो द अल्बुकर्क आला आणि 1540 च्या सुमारास तिसवाडीच्या बेटांवरची देवळे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. सप्तकोटेश्वराचे देऊळही गेले. शिवलिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले गेले, अशी परंपरा सांगते. ज्या देवाच्या नावाने राजे बिरुद धारण करीत, त्याच्यावर विहिरीचा दोर घासला जावा, ही गोष्ट या भागातल्या माणसांना सहन झाली नाही.

ते लिंग तिथून उचलून पलीकडे आणण्याचे श्रेय डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यराव देसायांना दिले जाते. ते काम किती धोक्याचे होते, याचा आज अंदाज येणार नाही. मांडवीच्या पात्रात पोर्तुगीजांची गस्त होती, काठावर त्यांची ठाणी होती, पकडले गेल्यास काय होईल हे सगळ्यांना माहीत होते. धारालिंग म्हणून ओळखली जाणारी ती जड पाषाणमूर्ती होडीत घालून पलीकडे, डिचोलीच्या बाजूच्या हिंदळे भागात आणली गेली. देवाबरोबर गावाचे नावही आले; या बाजूची वस्ती नार्वे म्हणून ओळखली जाऊ लागली. आज एकच नाव नदीच्या दोन्ही बाजूंना नांदते आणि दोन्हींच्या मध्ये फेरीबोट धावते.

त्या शतकात असे एकटे सप्तकोटेश्वरच निघाले नव्हते. कुशस्थळीचे मंगेश झुआरी ओलांडून अंत्रुजात म्हणजे फोंड्याच्या बाजूला गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला. चोडण बेटावरचे देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलला पोचले. दिवाडीचा गणपती तर मुक्काम बदलत बदलत शेवटी खांडोळ्यात स्थिरावला. गावकरी, पुजारी आणि कुळे रात्रीच्या अंधारात जे वाचवता येईल ते घेऊन निघाली. घरे राहिली, शेते राहिली, पूर्वजांची स्मशाने राहिली. देव मात्र बरोबर आले.

युरोपातल्या सर्बिया या देशाचा इतिहास वाचताना गोमंतकीय माणूस थबकतो तो नेमका अशाच ठिकाणी. तिथे बाराव्या शतकाच्या अखेरीस स्टेफान नेमान्या राजाने स्टुडेनित्साचा मठ बांधला आणि पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत राजे आणि मठ यांचे नाते अतूट झाले. प्रत्येक मोठ्या राजाचा एक मठ, त्याच मठात त्याची समाधी. 1389 मध्ये कोसोव्होच्या लढाईत राजा लाझार पडला. त्याचे शव त्याने स्वतः बांधलेल्या रावानित्सा मठात ठेवले गेले आणि लोक त्याला संत मानू लागले. पुढे तुर्कांची सत्ता आली. 1690 मध्ये धर्मगुरू अर्सेनिये चार्नोयेविच यांच्याबरोबर हजारो सर्ब कुटुंबे उत्तरेकडे निघाली तेव्हा रावानित्साच्या साधूंनी लाझारचे अवशेष बरोबर घेतले आणि पार हंगेरीपर्यंत नेले. तिथून ते फ्रुश्का गोराच्या डोंगरातल्या मठात, दुसऱ्या महायुद्धात बेलग्रेडला, आणि अखेर 1989 मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी, पुन्हा मूळ रावानित्सात गेले. आमचा सप्तकोटेश्वर परत दिवाडीला गेला नाही. त्याने नव्या काठाला आपले घर केले.

सर्बांच्या देशात आणखी एक साम्य आढळते. डॅन्यूबच्या काठी जुर्ज ब्रांकोविच या राजाने 1428 ते 1430 या काळात स्मेदेरेवोचा प्रचंड किल्ला बांधला. त्याच्या एका बुरुजावर विटांच्या नक्षीतून अक्षरे काढलेली आहेत: या राजाच्या आज्ञेने हा कोट अमुक साली उभा राहिला. राजाचे नाव, आज्ञा आणि साल. नार्वेच्या दारावरही तेवढेच. पण स्मेदेरेवो 1459 मध्ये तुर्कांच्या हाती पडले आणि त्याबरोबर सर्बांचे मध्ययुगीन राज्य संपले. नार्वेचा लेख एका राज्याच्या उमेदीच्या काळातला आहे, आणि त्यात कोटाऐवजी देवळाची आज्ञा आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

कारण 1668 मध्ये शिवाजी महाराजांना या भागात किल्ला बांधण्याची निकड देवळापेक्षा कमी नव्हती. आदल्याच वर्षी, 1667 च्या नोव्हेंबरात, त्यांच्या फौजेने बारदेशात खोल मुसंडी मारली होती. कुडाळ प्रांतातून हुसकावलेले देसाई पोर्तुगीज हद्दीत आश्रय घेऊन तिथून उपद्रव करीत, हे त्या स्वारीचे कारण. पुढे तह झाला, तरी दोन्ही बाजूंचा संशय मिटला नाही. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर आपली माणसे गुपचूप गोव्यात शिरवून शहर ताब्यात घेण्याचा महाराजांचा बेत होता आणि तो व्हाइसरॉयच्या कानी गेल्याने फसला, असे सांगितले जाते. त्याच दिवसांत भतग्रामात, म्हणजे डिचोली महालात, सप्तकोटेश्वराच्या जीर्णोद्धाराचा हुकूम निघाला. नदीपलीकडे ज्यांनी देऊळ पाडले त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या फेरीच्या अंतरावर, देऊळ उभे राहिले. पोर्तुगीजांना दिलेले याहून स्पष्ट उत्तर दुसरे असू शकले नसते.

ते देऊळ पाहिल्यावर पहिल्यांदा नजर जाते ती घुमटावर आणि समोरच्या दीपस्तंभावर. कौलारू उतरते छप्पर, जाड भिंती, गर्भागारावर अष्टकोनी बैठकीवरचा घुमट. दख्खनी, कोकणी आणि युरोपीय अशा तिन्ही बांधणींच्या खुणा त्यात आहेत, आणि पुढच्या काळात गोव्यात जी देवळांची शैली रूढ झाली तिचे बरेचसे रूप इथे दिसते. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने केलेल्या दुरुस्तीनंतर 11 फेब्रुवारी 2023 रोजी ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. गोकुळाष्टमीला इथल्या पंचगंगेच्या तीर्थावर स्नानाला लोटणारी गर्दी मात्र कोणत्याही दुरुस्तीवर अवलंबून नव्हती. ती पूर्वापार चालत आलेली आहे.

महाराजांनंतरच्या काही वर्षांत या नद्यांनी मोठी धामधूम पाहिली. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शाहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने डिचोलीत राहिला; तिथला नमाजगाह त्या काळाची आठवण सांगतो. 1683 च्या नोव्हेंबरात फोंड्याच्या कोटाला वेढा घालून बसलेल्या व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली आणि त्याच महिन्यात एका रात्री मराठ्यांनी मांडवीतल्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुने गोवे शहर तिथून डोळ्यांना दिसत होते. पुढे मोगल कोकणात उतरल्याची बातमी आली म्हणून संभाजी महाराजांना परतावे लागले. नाहीतर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, हे पोर्तुगीजांनीही जाणले होते.

अठराव्या शतकात पारडे फिरले. 1744 मध्ये पेद्रो मिगेल द आल्मेदा हा व्हाइसरॉय म्हणून आला. 5 मे 1746 रोजी त्याने सावंतवाडीकर भोसल्यांकडून शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला झुंजून घेतला. या विजयाचे पोर्तुगालच्या दरबारात एवढे कौतुक झाले की त्याला हळर्णच्या नावाने मार्केसची पदवी मिळाली. पेडण्यातल्या एका खेड्याचे नाव लिस्बनच्या उमराव घराण्याला मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले. मग डिचोली, साखळी आणि नोव्हेंबरात तेरेखोल, असे एकामागून एक किल्ले त्याने घेतले. साखळीच्या राणे घराण्याने त्या मोहिमेत पोर्तुगीजांना साथ दिली होती. भोसल्यांशी त्यांचे जुने हाडवैर होते. त्यांच्या हिशेबाने दूरचा परका जवळच्या वैऱ्यापेक्षा बरा. हा हिशेब पुढच्या दीडशे वर्षांत त्यांच्याच वंशजांनी रक्ताने दुरुस्त केला.

किल्ले पुन्हा पुन्हा हातचे गेले आणि परत आले. शेवटी 1781 ते 1788 या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. यांना नव्या काबिजादी म्हणतात. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींत देवळांचा जो विध्वंस झाला तो इथे झाला नाही. दोनशे वर्षांनी युरोपात धर्मवेडाचा जोर ओसरला होता आणि इथल्या लोकांच्या धर्माला व रीतिरिवाजांना हात लावणार नाही, असे वचन पोर्तुगीजांना द्यावे लागले. त्यामुळेच सोळाव्या शतकात नदी ओलांडून आलेल्या देवांना अठराव्या शतकात पुन्हा होडीत बसावे लागले नाही. नार्वे, मये, शिरगाव, साखळी इथल्या जत्रा आज ज्या दिमाखात भरतात त्याचे श्रेय या उशिरालाही द्यायला हवे.

वचने धर्माची पाळली गेली. जमिनीची आणि मानपानाची नाही. राण्यांची मोकाशी, त्यांची वतने, त्यांचे सरदेसाईपण यांवर पणजीच्या कारभाऱ्यांचे हात पडू लागले. 26 जानेवारी 1852 रोजी दिपाजी राणे यांनी म्हादईकाठचा नानूसचा किल्ला घेतला. तिथला दारूगोळा हाती आल्यावर त्यांनी सत्तरीच्या रानातून काणकोण-केप्यापर्यंत धाक बसवला. कपड्यांच्या बाबतीतल्या हुकुमांनी आणि अधिकाऱ्यांच्या दंडेलीने लोक आधीच पेटले होते. तीन वर्षांहून अधिक काळ ही लढाई चालली. 1855 मध्ये सरकारला दिपाजींशी तडजोड करावी लागली. एका परकी सत्तेला रानातल्या सरदाराशी बरोबरीने बोलावे लागणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्यानंतर कुष्टोबा राणे आले. 1869 ते 1871 ही दोन वर्षे त्यांनी सरकारला झोप येऊ दिली नाही, आणि अखेर ते मारले गेले. सत्तरीच्या घराघरांत त्यांच्या गोष्टी अजून सांगतात. 1895 मध्ये तर पणजीच्या छावणीतले मराठा शिपाईच बिथरले. त्यांना आफ्रिकेत मोझांबिकच्या लढाईवर पाठवायचे ठरले होते. समुद्र ओलांडून परमुलखात जायला त्यांनी नकार दिला आणि शस्त्रांसह नानूसचा रस्ता धरला. दादा राणे अडवईकरांनी त्यांना हाताशी घेतले. हे बंड शमवायला पोर्तुगालच्या राजाने आपला सख्खा भाऊ, राजपुत्र आफोन्सो, फौज देऊन पाठवला. दादा राण्यांना तिमोरला हद्दपार करण्यात आले. सत्तरीचे रान कुठे आणि तिमोर कुठे! पुढे 1912 मध्येही राण्यांचे शस्त्र पुन्हा उठले.

तेरेखोलची गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जातो, पण तिचा मान मोठा आहे. भोसल्यांनी बांधलेल्या आणि पोर्तुगीजांनी घेतलेल्या या किल्ल्यावर 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रही शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकावला. हाती काही नसताना परकी सत्तेच्या किल्ल्यात घुसणारी ती माणसे होती.

साखळीत येणाऱ्याने मात्र फक्त लढायांच्या जागा पाहून परतू नये. गावाजवळच हरवळे आहे. तिथल्या जांभ्या दगडात कोरलेल्या लेण्यांना लोक पांडवांची लेणी म्हणतात. आत ओळीने गाभारे आहेत, त्यांत लिंगे आहेत, आणि एका लिंगाच्या दांड्यावर कोरलेल्या अक्षरांचे वळण सातव्या शतकाच्या आसपासचे आहे. ही लेणी मुळात बौद्धांची की शैवांची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. डिचोलीजवळच्या लामगावातही लेणी आहेत, त्यामुळे एके काळी घाटावरून बंदराकडे जाणाऱ्या या वाटेवर भिक्षूंचा वावर होता, असे मानायला जागा आहे. पावसाळ्यात हरवळ्याचा धबधबा इतका दाटून कोसळतो की शेजारच्या रुद्रेश्वराच्या देवळात बोललेले ऐकू येत नाही. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते आणि पितरांच्या क्रियाकर्मासाठी लोक वर्षभर येतात.

वाळवंटीच्या काठी कारापूरला विठ्ठलापूर आहे. राण्यांच्या घराण्याचा हा विठ्ठल. पंढरपूर चंद्रभागेवर, तसा हा वाळवंटीवर. चैत्रात इथे उत्सव होतो तेव्हा भजनाच्या गजराने काठ दुमदुमतो. आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री याच पाण्यात कागद, बांबू आणि दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडतात. गावोगावचे तरुण महिना महिना राबून त्या बांधतात. मध्यरात्री त्रिपुरासुराचा वध होतो, आतषबाजी होते, आणि काळोख्या पात्रावर दिव्यांची जहाजे सरकू लागतात. ज्या मांडवीतून जीव मुठीत धरून देव आणले गेले, तिला मिळणाऱ्या या नदीत आज लोक आनंदाने होड्या सोडतात.

वाळवंटी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. डिचोलीच्या डोंगरांतले लोखंड दशकानुदशके खोदले गेले, खाणींचा गाळ ओढ्यांतून पात्रात आला, मांडवीवर खनिजाच्या बार्जेस धावल्या. 2012 मध्ये खाणींवर बंदी आली, पण पात्रात साठलेला गाळ त्या हुकुमाने निघून गेला नाही. मोठ्या पावसात साखळीच्या बाजारात पाणी शिरते. नदीचा इतिहास सांगताना हेही सांगितले पाहिजे, कारण नदीच राहिली नाही तर तिच्या काठच्या देवळांना आणि किल्ल्यांना अर्थ उरणार नाही.

आता नार्वेचा दगड ज्याबद्दल बोलत नाही, त्या मूळ प्रश्नाकडे येतो. या सगळ्या घटनांची पोर्तुगीज बाजू आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे. व्हाइसरॉयांची पत्रे, सल्लागार मंडळाची इतिवृत्ते, तहनाम्यांच्या नकला, सगळे कागद जपून ठेवलेले आहेत. ते कागद मराठ्यांच्या इतिहासासाठी पहिल्यांदा नीट उघडून वाचले ते साखळीच्या शेजारच्याच एका माणसाने. पांडुरंग पिसुर्लेंकर 1894 मध्ये सत्तरीतल्या पिसुर्ले गावी जन्मले. गोव्याच्या पुराभिलेखागाराची जबाबदारी त्यांनी तीन दशके सांभाळली आणि पोर्तुगेज-मराठे संबंधांवर त्यांनी जे लिहिले त्याशिवाय शिवाजी-संभाजींचा दक्षिण कोकणातला इतिहास आज लिहिताच येत नाही. राण्यांच्या मुलखात जन्मलेल्या माणसाने व्हाइसरॉयांच्या दप्तरातून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला.

पण नदीच्या आपल्या बाजूचे कागद कुठे आहेत? ज्या देसायाने लिंग आणले त्याच्याबद्दल आपल्याकडे परंपरेची एक गोष्ट आहे. कुष्टोबा राण्यांचे चरित्र बरेचसे शत्रूच्या नोंदींतून उभे करावे लागते. डिचोली, साखळी, पेडणे, सत्तरी इथल्या जुन्या घरांत, देवळांच्या पेट्यांत, महाजनांच्या संग्रहांत मोडी लिपीतले आणि पोर्तुगीज भाषेतले कागद अजून पडून आहेत. पावसाळी दमट हवा आणि वाळवी त्यांना दरवर्षी खात आहे. ज्यांच्या माळ्यावर असे गाठोडे असेल त्यांनी ते उन्हात टाकून साफ करण्याआधी, रद्दीत देण्याआधी, पणजीच्या पुराभिलेख खात्याला किंवा मोडी जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला एकदा दाखवावे. मूळ कागद घरातच ठेवावा, हरकत नाही. त्याची छायाप्रत तेवढी घेऊ द्यावी.